अवधची कथरी

लखनौची सुई म्हटली की मलमलीवरील चिकनकाम डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु शहराची वेस ओलांडून भोवतालच्या खेड्यांत शिरले की सुईचे दुसरे एक काम दृष्टीस पडते. कौतुकाच्या अपेक्षेने ते केलेले नसते. हे काम म्हणजे कथरी. महाराष्ट्रातील गोधडीची वा वाकळेची ती बहीणच होय. तिच्या नावात संस्कृतातील ‘कंथा’ स्पष्ट ओळखू येते.

अवधात पूस महिना कडक थंडीचा. तिकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होत असल्यामुळे हा पूस महाराष्ट्रातील पौषाच्या पंधरवडाभर आधी लागतो. पारा कित्येकदा ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि धुक्यात सूर्य दिसेनासा होतो. प्रेमचंदांच्या १९३० मधील ‘पूस की रात’ या कथेतील हलकू कांबळ्यासाठी जपलेले तीन रुपये सावकाराला देऊन बसतो आणि शेताच्या राखणीची रात्र कुत्र्याला उराशी धरून काढतो. कांबळे विकत घ्यावे लागते. कथरीला रोख पैसा लागत नाही. तिचे खरे महत्त्व यात आहे.

जीर्ण धोतरे आणि लुगडी धुऊन, विरलेला भाग वगळून, सारवलेल्या अंगणात एकावर एक पसरतात. फाटके तुकडे मध्ये जातात, त्यातल्या त्यात धड कापड वर आणि खाली राहते. कडा आत मुडपून धावदोरा घालीत बाया कडेकडून मध्याकडे सरकतात. वापरून मऊ झालेल्या सुती कापडातून सुई सहज जाते. कोरे कापड इतके वश होत नाही.

ऊब मात्र कापडाची नव्हे. थरांमध्ये अडकलेली निश्चल हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पांघरायच्या कथरीला टाका फार दाट घालू नये. थर दाबले गेले की हवा उरत नाही. अंथरायच्या कथरीचे गणित निराळे. तिला घर्षण सोसायचे असते, तेव्हा टाका दाटच हवा. तिच्याखाली भाताचा पेंढा पसरतात. तेथेही काम करते ती हवाच.

लखनौच्या उत्तरेस सीतापूर दऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. चिंध्यांच्या पट्ट्या सुती ताण्यावर आडव्या विणल्या की चिंध्यांची दरी तयार होते. पण तिला माग हवा, विणकर हवा. कथरीला सुई, दोरा आणि दुपारचे ऊन पुरते.

आता जुन्या कपड्यांत कृत्रिम धाग्याच्या साड्याच अधिक निघतात. त्यांचे थर शिवताना एकमेकांवरून घसरतात आणि घामही त्या नीट शोषत नाहीत. शहरांतील दुकानांत अशाच शिवणकामाच्या चादरी कलावस्तू म्हणून चांगल्या किमतीला विकल्या जातात. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. मात्र गरजेपोटी शिवलेल्या कथरीची जागा त्या घेत नाहीत. सुती कथरीचा एक दोष मान्य केला पाहिजे: ती धुक्यातील ओल धरते आणि ओली कथरी ऊब देत नाही. त्यामुळे पुसात चार दिवसांनी ऊन पडले की घरोघरच्या खाटा अंगणात येतात आणि त्यांवर प्रथम कथऱ्याच पसरल्या जातात.