फुटणारा वेळू

चिनी भाषेत फटाक्यास 'बाओजू' असे म्हणतात. 'बाओ' म्हणजे फुटणे आणि 'जू' म्हणजे वेळू. आजच्या फटाक्यात कागदाची नळी, दारू आणि वात यांवाचून दुसरे काही नसते. मग नावात वेळू कोठून आला?

सहाव्या शतकात जोंग लिन या लेखकाने मध्य यांगत्से खोऱ्यातील चालीरीती नोंदून ठेवल्या. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कोंबडा आरवताच लोक उठत आणि डोंगरातील पिशाच्चे दूर राहावीत म्हणून अंगणात वेळू फोडीत, असे तो सांगतो. मुलांना आज सांगितल्या जाणाऱ्या 'न्येन' राक्षसाचे तेथे नावही नाही. त्या काळी दारूचा शोध लागलेला नव्हता. वेळू फुटे तो केवळ विस्तवाने. वेळूचे पेर पोकळ असून दोन्ही टोकांस पडद्यांनी बंद असते. ते जाळात धरले म्हणजे आतील हवा प्रसरण पावते, ओलाव्याची वाफ होते, आणि बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे दाब वाढत जाऊन पेर मोठ्या आवाजाने फाटते. पेरास आधीच छिद्र पाडले, तर हा दाब साठत नाही.

पुढे नवव्या शतकाच्या सुमारास सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ज्वालाग्राही मिश्रण चिनी लोकांस माहीत झाले. १०४४ च्या एका युद्धविषयक ग्रंथात त्याची प्रमाणे दिलेली आहेत. सोरा स्वतःच प्राणवायू पुरवितो, म्हणून बंद नळीतही हे मिश्रण क्षणात जळून वायू निर्माण करते. वेळूची जागा कागदाने घेतली. कोंडलेला वायू कवच फोडतो ही क्रिया तीच राहिली, आणि नावही तेच राहिले.

फटाक्यांच्या माळेस मात्र 'ब्येनपाओ' म्हणतात: 'ब्येन' म्हणजे चाबूक, 'पाओ' म्हणजे तोफ. हा 'पाओ' पूर्वी दगड फेकणाऱ्या युद्धयंत्राचे नाव होता व त्याच्या अक्षरात 'दगड' हे चिन्ह असे. तोफा आल्यावर त्या जागी 'अग्नी' लिहिण्याची रीत रूढ झाली. 'बाओजू'च्या लिखाणातील वेळू मात्र कोणी काढला नाही.

वर्षारंभाची मध्यरात्र, पहिल्या महिन्याच्या पाचव्या दिवशी धनदेवतेचे स्वागत, लग्न, नव्या दुकानाचे उद्घाटन, इतकेच नव्हे तर अंत्ययात्राही, अशा अनेक प्रसंगी फटाके वाजतात. नववर्षाच्या सकाळी अंगणभर पडलेले तांबडे कागद लगेच झाडीत नाहीत. तो रंग शुभ मानतात. आगी, इजा व धूर यांमुळे बीजिंग शहराने १९९३ मध्ये फटाक्यांवर बंदी घातली, २००५ मध्ये ती शिथिल केली, आणि पुढे पुन्हा निर्बंध कडक केले. पिशाच्चांचे भय कोणास उरले नसले, तरी आवाजावाचून सण सुना वाटतो, अशी तक्रार तेथील वृद्ध मंडळी करतात. अशा घरांसाठी दुकानांत तांबड्या नळ्यांची विजेवर चालणारी माळ मिळते. ती लुकलुकते आणि तडतड आवाज करते. तिच्यात वेळू नाही, दारू नाही आणि फुटण्यासारखेही काही नाही. विकतात मात्र 'विजेची ब्येनपाओ' म्हणूनच.