बागकामातील यंत्रे आणि जखमी कामगाराचा हक्क

पावसाळ्याचा जोर ओसरू लागला म्हणजे पुण्यामुंबईच्या सार्वजनिक उद्यानांत गुडघाभर गवत माजते, आणि एके काळी विळे घेऊन बसणाऱ्या माळ्यांच्या जागी आता खांद्याच्या पट्ट्याला पेट्रोलचे ब्रश कटर अडकवून फिरणारा एखाददुसरा रोजंदारीचा कामगार दिसतो. ज्या यंत्राने अनेकांचे काम एकावर आणले, त्याने धोकाही त्या एकाच्याच अंगावर आणला आहे. पाते मिनिटाला हजारो फेरे घेत असते. गवतात दडलेला खडा, तारेचा तुकडा किंवा फुटकी काच त्याच्या तडाख्यात सापडली, की ती डोळ्याचे पाते लवण्याआधी चेहऱ्यावर येऊन आदळते, आणि म्हणूनच इतरांनी यंत्रापासून किमान 15 मीटर दूर राहावे, असे उत्पादक बजावतात. पात्यामागचा संरक्षक पत्रा नेमक्या याच प्रसंगासाठी योजलेला असतो. परंतु ओले गवत त्यात अडकून काम खोळंबते म्हणून तो उतरवून ठेवला जातो, आणि चष्म्याऐवजी तोंडाला गुंडाळलेल्या पंच्यावरच डोळ्यांची भिस्त राहते. फांद्या छाटणारी चेनसॉ तर पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकताच चालवणाऱ्याच्याच तोंडाकडे उसळते. याखेरीज वर्षानुवर्षांच्या कंपनाने बोटे पांढरी व बधिर पडण्याचा जो विकार जडतो, तो अमेरिकेतील डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 साली इंडियानातील दगडखाणींच्या कामगारांत तपासला होता.

अपघात घडला, की पहिला प्रश्न निघतो तो कसूर कोणाची, हा. मुकादम म्हणतो, चष्मा का लावला नाहीस. ठेकेदार म्हणतो, बघून कापायचे होते. आणि जखमी माणूसही दोष आपलाच असावा अशा समजुतीने हातावर ठेवलेल्या चार पैशांवर मुकाट्याने समाधान मानतो. कायद्याचा प्रश्न मात्र मुळातच निराळा आहे: काम कोणाचे होते? 1923 साली संमत होऊन 1 जुलै 1924 पासून अमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने हे तत्त्व आपल्याकडे रुजवले, की इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली एवढे शाबीत झाले म्हणजे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची आवश्यकता उरत नाही. आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच पुढे चालवले आहे. कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले, हा बचाव मालकाला उपलब्ध आहे खरा. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व ओढवले असता तोही चालत नाही, आणि मुकादमाच्या हुकमावरून उतरवलेला पत्रा ही कामगाराची स्वेच्छा कशी म्हणावी?

भरपाईचा हिशेबही कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. दरमहा 12,000 रुपये मिळवणाऱ्या, चाळीस वर्षांच्या कामगाराचा एक डोळा गेला, तर वेतनाचे 60 टक्के, 40 या वयासाठी ठरलेला 184.17 हा गुणक आणि डोळ्यासाठी अनुसूचीत नमूद केलेली 40 टक्के क्षमताहानी यांच्या गुणाकाराने सुमारे 5 लाख 30 हजार रुपये होतात. औषधोपचाराचा खर्च वेगळा. महिन्याच्या मुदतीत रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याज, आणि दिरंगाईला सबळ कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्याची नोंद आहे, त्याला भरपाईऐवजी त्या योजनेतून लाभ मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात तो वेतनाच्या सुमारे 90 टक्के असतो.

ठेकेदाराने हात वर केले, तरी दावा संपत नाही. मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते, आणि 1923 च्या कायद्याने तर स्थानिक संस्थेची कर्तव्ये हाच तिचा व्यवसाय मानून नगरपालिका-महानगरपालिकांना या जबाबदारीच्या कक्षेत आणले होते. भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद, त्यावर सही असो वा अंगठा, कायद्याने निरर्थक ठरतो. तथापि हक्क टिकतो तो पुराव्यावर, आणि पुरावा निसटतो तो पहिल्या काही तासांतच. म्हणून इस्पितळातील केस पेपरवर 'घरी पडून इजा' असे कोणी लिहवू लागल्यास नातेवाइकांनी तेथल्या तेथे हरकत घ्यावी, यंत्र व जागा यांची छायाचित्रे काढावीत, हजेरीपटाची नक्कल आणि सोबत्यांची नावे जपावीत, मालकाला लेखी कळवावे, आणि दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा.

या साऱ्याहून हिताची गोष्ट म्हणजे दाव्याची वेळच न येऊ देणे, आणि ती नागरिकांच्या हाती आहे. उद्यानाच्या निविदेत मुखकवच, संरक्षक पत्रा, प्रशिक्षण आणि विम्याची नोंद या अटी आहेत काय, व त्या पाळल्या जातात काय, हे विचारण्याचा अधिकार त्या हिरवळीवर फिरणाऱ्या प्रत्येक करदात्याला आहे. कारण काम कोणाचे, या प्रश्नाचे अखेरचे उत्तर आपणच आहोत.