पाकीट फोडायच्या आधीच सगळं माहीत असतं, तरी आपण ते का फोडतो?

लोकलच्या गर्दीत इयरफोन काढून वाचणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत. सगळे नाही निघाले.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, पहिला पगार झालाय. मॅजिकच्या नव्या सेटचा कलेक्टर बूस्टरचा अख्खा बॉक्स घेऊ का? एखादं तरी भारी कार्ड निघेलच ना?" आजचा भाग या 'निघेलच ना'वर आहे. कारण नवा सेट जाहीर झाला की माझ्याही पोटात तेच होतं. मी राहतो सिएटलजवळ, म्हणजे ज्या भागात हा खेळ जन्मला तिथेच. इथल्या कार्डांच्या दुकानात नव्या सेटच्या शुक्रवारी दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या मिठाईच्या दुकानासारखी रांग असते.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ, पण मेंढीकोटसारखा सगळ्यांत मिळून एक कॅट नसतो. प्रत्येकजण आपापला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणतो. तुम्ही मांत्रिक, समोरचाही मांत्रिक, दोघांकडे २० प्राण. जमिनीची कार्डं मांडायची, त्यातून शक्ती मिळते, त्या शक्तीवर मंत्र टाकायचे, राक्षस उभे करायचे, समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे. डेकमध्ये कुठली कार्डं घालायची हे तुम्ही ठरवायचं. आणि ती कार्डं बंद पाकिटात मिळतात. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही.

हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने बनवला. पीटर ॲडकिसनच्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीने तो ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. पहिल्या छपाईला आज आपण 'अल्फा' म्हणतो. साधारण २६ लाख कार्डं. ऐकायला खूप वाटतं, पण सेटमध्ये कार्डं २९५ प्रकारची होती आणि सगळी सारख्या संख्येने छापली नव्हती. दुर्मीळ प्रकारातल्या एकेका कार्डाच्या प्रती फक्त ११०० च्या आसपास. ब्लॅक लोटस हे त्यातलंच. फुकटात टाकायचं आणि एका फटक्यात तीन शक्ती मिळवायच्या. उत्तम राखलेलं एक अल्फा ब्लॅक लोटस जानेवारी २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरला विकलं गेलं.

पण किमतीपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते. त्या पहिल्या कार्डांवर ते दुर्मीळ आहे की साधं, हे कुठेच छापलेलं नव्हतं. क्रमांकही नाही. २९५ पैकी आपल्याकडे कुठलं नाही हे कळायला मार्गच नव्हता, कारण एकूण कार्डं किती हेच माहीत नव्हतं! समोरच्याने टेबलावर असं काहीतरी टाकायचं की तुम्ही हातात घेऊन दोनदा वाचायचं. गारफिल्डची कल्पनाच ती होती. लोक थोडीशी पाकिटं घेतील, प्रत्येक गल्लीत वेगळी कार्डं पोचतील, आणि ती कुणाकडे आहेत हे खेळता खेळता कळेल. नवीन म्हणजे खरोखर न पाहिलेलं.

ते फार टिकलं नाही. पहिल्या वर्षभरातच इंटरनेटवर याद्या फिरायला लागल्या, मग किमती छापणारी मासिकं आली. १९९८ च्या एक्झोडस सेटपासून कंपनीनेच प्रत्येक कार्डावर क्रमांक टाकला आणि सेटच्या चिन्हाला रंग दिला. काळा म्हणजे साधं, चंदेरी म्हणजे मधलं, सोनेरी म्हणजे दुर्मीळ. आज तर सेट दुकानात येण्याच्या कितीतरी आधी 'प्रिव्ह्यू सीझन' सुरू होतो. रोज थोडी थोडी कार्डं दाखवतात आणि शेवटी पूर्ण यादी चित्रांसकट वेबसाइटवर. पाकीट हातात यायच्या आधी शेवटचं कार्डसुद्धा पाठ असतं.

म्हणजे बघा, 'काय आहे' हे कुतूहल संपलं. उरलं ते 'मला काय मिळालं'. दोन्ही उत्साह बाहेरून सारखेच दिसतात, पण दुसरा जास्त करून संभाव्यतेचा खेळ आहे. आणि संभाव्यता म्हटलं की मला कोड लिहायची खाज सुटते.

चिटोजच्या पुड्यातले पोकेमॉनचे टाझो आठवतात? पहिले दहा पटापट जमायचे. मग 'डबल' यायला लागायचे आणि सुट्टीत "हा डबल आहे, बदलतोस का?" सुरू व्हायचं. समजा ५० वेगवेगळे टाझो आहेत आणि प्रत्येक यायची शक्यता सारखी. पहिला पुडा फोडला की नवा मिळणारच. ४९ जमल्यावर मात्र तो शेवटचा एक मिळायला सरासरी ५० पुडे लागतात. एकट्या शेवटच्यासाठी! पूर्ण संच पुडे फोडूनच जमवायचा तर सरासरी २२५. गणितात याला कूपन गोळा करणाऱ्याचा प्रश्न म्हणतात.

आता मॅजिक. २००८ मध्ये शार्ड्स ऑफ अलारा सेटपासून दुर्मीळच्याही वर 'मिथिक' असा एक वर्ग आला. पुढे बरीच वर्षं मोठ्या सेटचा हिशोब असा असायचा: ५३ दुर्मीळ, १५ मिथिक. छपाईच्या १२१ घरांच्या कागदावर दुर्मीळ दोनदा, मिथिक एकदा. बेरीज करून बघा, ५३ दुणे १०६ आणि १५, बरोबर १२१. एका पाकिटात या वर्गातलं एकच कार्ड. म्हणजे आठेक पाकिटांत एक मिथिक, आणि तुम्हाला हवं तेच मिथिक १२१ मध्ये एकदा. बॉक्समध्ये पाकिटं ३६. म्हणजे ठरवून एक कार्ड हवं असेल तर सरासरी तीन बॉक्स फोडूनही थोडं पुढे जावं लागतं. अख्खा संच हवा असेल तर मी पायथॉनमध्ये दहा ओळी लिहून पाहिलं, सरासरी चारशेच्या वर पाकिटं, म्हणजे अकरा-बारा बॉक्स. (खऱ्या बॉक्समधली मांडणी पूर्ण रँडम नसते, फॉइल वेगळी, आणि २०२४ पासूनच्या 'प्ले बूस्टर'मध्ये एका पाकिटात एकाहून जास्त दुर्मीळ येऊ शकतात. आकडे हलतील, पण आलेखाचा आकार तोच. शेवटचं शेपूट लांबच लांब.)

म्हणूनच या खेळप्रकाराच्या नावातच 'ट्रेडिंग' आहे. एकट्याने संच पुरा करणं परवडू नये अशीच रचना आहे. चार मित्रांनी आपापले डबल टेबलावर ओतले की तोच खर्च धाडकन खाली येतो.

आता बॉक्स फोडून पैसे वसूल होतात का? इथे बाजाराचा एक साधा नियम लागतो. समजा बॉक्स १०० डॉलरचा आहे आणि आतल्या कार्डांची सुटी किंमत सरासरी १३० होते. मग दुकानदार काय करेल? तुम्हाला बंद बॉक्स कशाला विकेल? तोच फोडेल आणि सुटी कार्डं विकेल. सगळे दुकानदार हेच करणार, सुट्या कार्डांचा ढीग वाढणार, किमती उतरणार, सरासरी बॉक्सच्या किमतीखाली येईपर्यंत. बॉक्स बाजारात मिळतोय तोवर हे चक्र चालू राहतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातली सुट्या कार्डांची किंमत बहुतेक वेळा फुगलेली असते. सगळ्यांना हवं असतं आणि फोडलेली पाकिटं कमी असतात.

तर पुण्याच्या मित्रा, माझं उत्तर सरळ आहे. अख्खा बॉक्स नको. त्यातून भारतात ही पाकिटं आयात होऊन येतात, वाहतूक आणि कर तुझ्याच खिशातून. तीन-चार आठवडे थांब, हवी ती चार कार्डं सुटी घे. आणि पाकीट फोडायची मजा हवीच असेल तर तीन पाकिटं घे आणि ते पैसे सिनेमाच्या तिकिटाच्या खात्यात लिही. गुंतवणुकीच्या नको.

आता कलेक्टर बूस्टर. त्याने विचारलं होतं ते खरं तर यांच्याबद्दलच, आणि माझं खरं भांडणही इथेच आहे.

१९९३ च्या डिसेंबरमध्ये पहिली पुरवणी आली, अरेबियन नाइट्स. जेमतेम ५० लाख कार्डं. कंपनीने ठरवलं होतं की या कार्डांची पाठ वेगळ्या रंगाची असेल. खेळाडूंनी ओरडा केला. पाठ वेगळी तर पिसताना कळणार की वरचं कार्ड कुठलं. मग जुन्या कार्डांत ती मिसळायची कशी? कंपनीने ऐकलं आणि तीच तपकिरी पाठ ठेवली, जी आजही आहे. (त्या गडबडीत साधी जमिनीची कार्डं सेटमधून काढली, पण एक 'डोंगर' राहून गेला. संग्राहक तोही जपून ठेवतात.) या एका निर्णयामुळे आज दुकानातून आणलेलं कार्ड ३० वर्षांपूर्वीच्या कार्डाबरोबर एकाच कॅटमध्ये पिसता येतं. माझ्या मते नव्या सेटच्या उत्साहाचं मूळ ते आहे. नवीन कार्ड आलं की तुमच्या घरातल्या जुन्या डब्यातली दहा कार्डं अचानक जागी होतात.

दुर्मिळतेशी कंपनीची झटापट मात्र तेव्हापासूनच सुरू आहे. सुरुवातीचे सेट इतके कमी पडायचे की दुकानदार मागणी फुगवून लिहायचे, दहा मागितले तर तीन मिळतील म्हणून. नोव्हेंबर १९९४ मध्ये फॉलन एम्पायर्स आला आणि मागितलं तेवढं सगळं पोचलं! ती पाकिटं कितीतरी वर्षं दुकानांत पडून होती. १९९५ मध्ये क्रॉनिकल्स सेटमध्ये जुनी दुर्मीळ कार्डं पुन्हा छापली, किमती कोसळल्या, संग्राहक भडकले. मग मार्च १९९६ मध्ये कंपनीने यादीच जाहीर केली की ही कार्डं आम्ही पुन्हा छापणार नाही. 'रिझर्व्ह्ड लिस्ट'. ब्लॅक लोटस त्यात आहे.

थोडक्यात, तोवरची दुर्मिळता अपघाताची होती. कमी छापलं, कारण तेवढीच ऐपत होती. २०१९ मध्ये थ्रोन ऑफ एल्ड्रेनबरोबर कलेक्टर बूस्टर आले आणि दुर्मिळता डिझाइन व्हायला लागली. तेच कार्ड, तेच नियम, पण चौकट वेगळी, चमक वेगळी, चित्र कडेपर्यंत ताणलेलं. नोव्हेंबर २०२२ च्या द ब्रदर्स वॉरमध्ये ५०० पैकी कितवं हा नंबर छापलेली कार्डं आली. जून २०२३ मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या सेटमध्ये 'द वन रिंग' या कार्डाची एक खास प्रत, जगात एकच. टोरांटोच्या एका माणसाला ती सापडली आणि गायक पोस्ट मलोनने ती विकत घेतली. बातम्यांत आकडा आला २० लाख डॉलर. त्या एका कार्डासाठी जगभर किती पाकिटं फोडली गेली असतील, विचार करा.

आणि २०२२ मध्येच तिसाव्या वाढदिवसाची आवृत्ती निघाली. चार पाकिटं, एकूण ६० कार्डं, किंमत ९९९ डॉलर. आत जुनी कार्डं, ब्लॅक लोटससुद्धा निघू शकतं. फक्त पाठ वेगळी, अधिकृत स्पर्धेत चालणार नाही. १९९३ मध्ये ज्या गोष्टीला खेळाडूंनी हाणून पाडलं, तीच हजार डॉलरला! याला मी नवा सेट म्हणत नाही. तो कार्डाचा फोटो झाला.

वेगही वाढलाय. २०२५ मध्ये स्टँडर्ड या मुख्य प्रकारात चालणारे सहा सेट आले, त्यातले फायनल फँटसी, स्पायडर-मॅन आणि अवतार हे बाहेरच्या जगांतले. एकट्या फायनल फँटसीने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली असं मालक कंपनी हॅस्ब्रोने सांगितलं. मला त्या जगांचा राग नाही. फायनल फँटसीमुळे आमच्या टेबलावर तीन नवे चेहरे आले आणि त्यातला एक नागपूरचा निघाला. पण एका सेटची कार्डं वाचून होईतो पुढच्याचे प्रिव्ह्यू सुरू होतात. वर्षाला सगळं घेणारा जो मित्र होता, त्याने आता दोनच सेट निवडायचे असं ठरवलंय.

मी अजून जातो ते प्रीरिलीजला. सेट विक्रीला येण्याच्या आठवडाभर आधी दुकानात हा खेळ होतो. प्रत्येकाला सहा पाकिटं आणि वर्ष छापलेलं एक कार्ड मिळतं. तिथेच फोडायची, निघेल त्यातून ४० कार्डांचा डेक बांधायचा आणि लगेच खेळायला बसायचं. यादी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण कुठलं कार्ड कशाबरोबर चालतं हे अजून कुणालाच नीट माहीत नसतं. मागच्या वेळी समोरच्या मुलीने असं एक साधं, काळ्या चिन्हाचं कार्ड टाकलं, जे मी प्रिव्ह्यूमध्ये बघून पुढे गेलो होतो. मी ते हातात घेऊन दोनदा वाचलं. मग हरलो.

पुढचा भाग नकली कार्डांवर. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग मिळवून ठेवा, आणि एखादं खरं कार्ड उलटं करून पाठीवरच्या हिरव्या ठिपक्यात काय दिसतं ते बघून ठेवा.