हायडेलबर्गचे सुवर्ण आणि दिल्लीचे दप्तर

पिंपरीच्या औद्योगिक वसाहतीत आज ज्यांचा उल्लेख ‘पद्मश्री’ या उपाधीसह होतो, ते मुरलीकांत पेटकर ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्गला सुवर्णपदक जिंकून परतले, तेव्हा त्या पदकाचे करायचे काय, हेच शासनाला उमगले नव्हते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान. लष्करात मुष्टियोद्धा म्हणून त्याने नाव कमावले होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून सुरू झालेले पोहणे त्याला थेट जर्मनीत घेऊन गेले. ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर त्याने ३७.३३ सेकंदांत कापले. तो विश्वविक्रम होता. वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णासाठी भारताला पुढे २००८ पर्यंत थांबावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदकाचे मोल कळते.

त्याच स्पर्धेत पेटकर भालाफेकीतही अंतिम फेरीपर्यंत गेले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बसून भाला फेकणाऱ्यास धाव घेता येत नाही; पायांची सारी ताकद खांद्यांतून आणि धडातून उभी करावी लागते. नेमके लक्ष्य साधण्याच्या भालाफेकीतही ते अंतिम फेरीत होते. या खेळात भारताला पहिली पॅरालिंपिक पदके मिळाली ती १९८४ मध्ये. भीमराव केसरकर यांना रौप्य आणि जोगिंदरसिंग बेदी यांना कांस्य, तीही एकाच स्पर्धाप्रकारात. केसरकर हे नाव आज किती क्रीडाशिक्षकांना ठाऊक असेल?

पेटकरांना हात दिला तो विजय मर्चंट यांच्यासारख्या क्रिकेटपटूने आणि नोकरी देणाऱ्या टेल्कोने. अर्जुन पुरस्कारासाठीचा त्यांचा अर्ज १९८२ मध्ये फेटाळला गेला. पद्मश्री २०१८ मध्ये आली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, तोही त्यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर. पडद्यावर दिसल्याखेरीज दप्तराला दिसत नाही, असा समज जनतेने करून घेतला तर दोष कुणाचा?

आता काळ पालटला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पॅरिसला २०२४ मध्ये भारताने २९ पदके मिळविली. त्यांत सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्य होते. केंद्राने सुवर्णविजेत्यांना ७५ लाख रुपये दिले. परंतु रोख रक्कम विजयानंतर येते. भाकरी मात्र सरावाच्या वर्षांत लागते. पेटकरांना ती कारखान्याने दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखल्या. खाजगी उद्योगांसाठी मात्र पाच टक्क्यांचे केवळ प्रोत्साहन आहे, सक्ती नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारांपैकी किती जणांनी ते मनावर घेतले, याचा तपशील जिल्हा प्रशासनाने मागवून प्रसिद्ध करावयास हरकत नाही.