टिचकीचा लिलाव : लेखांक चौथा

गेल्या लेखांकात आपण येथवर आलो होतो की, शोधयंत्राच्या पानावरील जाहिरातीचे पैसे ती दिसल्याबद्दल द्यावे लागत नाहीत, तिच्यावर कोणी टिचकी मारली तरच द्यावे लागतात. आता ही टिचकी, जिला सारे जग क्लिक म्हणते, किती रुपयांस पडते आणि तो भाव कोण ठरवतो, हे पाहावयाचे आहे. आणि आरंभीच सांगून टाकतो की, बोली वाढवली म्हणजे जाहिरात वर चढते, हा जो सार्वत्रिक समज आहे, त्यापायी या धंद्यात जेवढा पैसा वाया गेला असेल तेवढा दुसऱ्या कशापायीही गेला नसेल.

तो समज निराधार मात्र नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे बिल ग्रॉस या उद्योजकाने गोटू नावाचे शोधयंत्र काढून शोधशब्दांचा उघड लिलाव मांडला, तेव्हा ज्याची बोली अधिक त्याचे नाव वर, आणि जेवढी बोली तेवढीच वसुली, असाच सरळ रिवाज होता. परंतु बोली सर्वांना दिसत असल्यामुळे पहिला आणि दुसरा एकेका सेंटने परस्परांवर कुरघोडी करीत चढत जात, भाव परवडेनासा झाला की एकजण एकदम खाली उतरे, मग रिकाम्या मैदानात एवढे पैसे कशाला मोजायचे म्हणून दुसराही उतरे, आणि पुन्हा तीच चढण सुरू होई. त्या बोलींचा आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. गोटूचे पुढे ओव्हर्चर झाले आणि २००३ मध्ये ते याहूने विकत घेतले. दरम्यान गूगलने आपल्या ॲडवर्ड्स या जाहिरातसेवेत २००२ च्या फेब्रुवारीत जे दोन फेरफार केले, त्यांच्यावर हा सगळा कारभार आजही उभा आहे : जागा ठरवताना बोलीबरोबरच त्या जाहिरातीवर टिचकी पडण्याचा संभवही हिशेबात धरावयाचा, आणि जिंकणाऱ्याने आपली पूर्ण बोली न भरता, खालच्याला मागे ठेवण्यास पुरेल एवढीच रक्कम भरावयाची.

याचा परिणाम किती विलक्षण होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू; टिचकीच्या संभवाला येथे गुणवत्ता म्हणू. एकाची बोली २० रुपये, पण जाहिरात बेताची, म्हणून गुणवत्ता ४. दुसऱ्याची बोली १२ रुपये, गुणवत्ता ८. तिसऱ्याची बोली १५, गुणवत्ता ३. गुणाकार अनुक्रमे ८०, ९६ आणि ४५ येतात, म्हणजे सर्वांत कमी बोली लावणारा गृहस्थ पहिल्या जागेवर बसतो. त्याला भरावे लागतात ८० भागिले ८, म्हणजे १० रुपयांहून किंचित अधिक. आणि वीस रुपयांची बोली मिरवणारा दुसऱ्या जागेसाठी ४५ भागिले ४, म्हणजे सव्वाअकरा रुपये मोजतो! खालची जागा महाग आणि वरची स्वस्त, असा हा बाजार आहे. आजचे गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. टिचकीच्या संभवाखेरीज जाहिरात शोधाशी कितपत सुसंगत आहे आणि टिचकीनंतर उघडणारे पान कसे आहे, हेही त्यात येते. पण हाडाचा सांगाडा तोच आहे.

तर मग ही गुणवत्ता वाढवावयाची कशी? गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास देवगडकडील माझ्या परिचयाच्या एका आंबा बागाईतदारांच्या ओटीवर बसून आम्ही त्यांचे जाहिरातीचे खाते उघडले, तो प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. काम त्यांनी एका ठेकेदाराकडे सोपवले होते. त्याने 'आंबा' हा एकच शब्द ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे सैल जुळणीत टाकून ठेवला होता आणि पंधरवड्याला फक्त खर्चाचा आकडा कळवत होता. आम्ही शोधलेल्या शब्दांचा तक्ता काढला. ज्यांच्या टिचक्यांचे पैसे बागाईतदारांनी इमानेइतबारे भरले होते, त्या लोकांनी काय काय शोधले होते पाहा : 'आंबा कलम लागवड', 'आंब्यावरील तुडतुडे औषध', 'कैरीचे लोणचे', 'आंबा अनुदान योजना', 'आमरस रेसिपी'. बागाईतदार चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "म्हणजे तुडतुड्यांचं औषध शोधणाऱ्यालाही मीच पैसे दिले म्हणायचे. मी स्वतः तेच शोधतोय हो!"

त्या दुपारी बोलीला आम्ही हातच लावला नाही. नकारांची यादी केली. ज्या शब्दांवर जाहिरात दाखवू नये असे बजावावयाचे, त्यांना निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात, आणि येथे मराठी माणसास एक अडचण येते, जी इंग्रजीत लिहिणाऱ्यास फारशी भासत नाही. नकारातला शब्द आपली रूपे आपण ओळखत नाही. 'कलम' नाकारले म्हणून 'कलमे' नाकारली जात नाहीत. आमची भाषा विभक्तीची. कलम, कलमे, कलमांची, कलमासाठी, शिवाय हेच सारे रोमन लिपीत टंकणारे लोक निराळेच. प्रत्येक रूप स्वतंत्र लिहावे लागले. मात्र नकाराचाही अतिरेक होतो : 'भाव' हा शब्द काढून टाकावा असे त्यांच्या चिरंजिवांचे म्हणणे पडले, पण 'देवगड हापूस भाव' विचारणारा हा बहुधा पिशवी हातात घेऊन निघालेलाच असतो.

आता बोलीची हद्द. पेटीमागे सारा खर्च वजा जाता ४०० रुपये उरतात आणि जाहिरातीवरून येणाऱ्या शंभरांत ३ जण पेटी मागवतात असे धरा. मग एका टिचकीला १२ रुपये ही शेवटची मर्यादा, त्यापुढे पदरचे जाते. कलमवाले आणि लोणचेवाले गळून उरलेल्या शंभरांत ६ जण पेटी घेऊ लागले, की आंबा तोच, पेटी तीच, पण मर्यादा २४ वर जाते. अर्थात हे कळण्यास मागणी कोठून आली याची नोंद हवी. बागाईतदारांच्या बहुतेक मागण्या फोनवर येत, म्हणून त्यांच्या वहीत 'कोठून कळले' असा एक रकाना आखून दिला. आणि मला तो कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो.

स्वतःच्या नावावर जाहिरात द्यावी काय, हा प्रश्नही निघाला. ईबेच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये कंपनीच्या नावावरील जाहिराती काही ठिकाणी थांबवून पाहिल्या, तेव्हा गमावलेल्या टिचक्यांपैकी ९९.५ टक्के खालच्या विनामूल्य दुव्यांवरून परत आल्या. तुमच्या नावावर दुसरा कोणी बोली लावत नसेल, तर तो पैसा वाचवावा.

यादी संपत आली तेव्हा एक शोध उरला होता : 'खरा देवगड हापूस कसा ओळखावा'. हा केवळ माहिती विचारतो आहे, घेणार नाही, म्हणून चिरंजीव तो नकारात लिहू लागले. मी त्यांचा हात थांबवला. फसवले जाण्याचे भय ज्याच्या मनात आहे त्याने खरेदीचा विचार केलेलाच आहे. पण टिचकीनंतर त्याच्यापुढे जे पान उघडत होते, त्यावर पेटीच्या चित्राखेरीज एक अक्षर नव्हते. त्या पानाविषयी पुढील आठवड्यात.