समुद्रकिनारी पळताना

आपल्या साताऱ्याकडची मंडळी सुट्टी लागली की गाडी काढून कोकणात उतरतात. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर. पुढे वेळणेश्वर, हेदवी करीत तवसाळला गाडी फेरीबोटीत चढवायची, जयगडला उतरायचे आणि गणपतीपुळे गाठायचे. साताऱ्यात 2012 पासून हिल मॅरेथॉन होऊ लागली, तेव्हापासून पळणारे वाढले आहेत. त्यामुळे आता सामानात पळायचे बूटही असतात. चांगली गोष्ट आहे. पण घाटावरचे पळणे जसेच्या तसे घाटाखाली नेता येत नाही.

दिवाळीनंतर पंचेचाळिशीचे एक शिक्षक दवाखान्यात आले. रोज 5 किलोमीटर पळणारा माणूस. गुहागरला पहाटे तेवढेच पळायला गेले, तर तिसऱ्या किलोमीटरलाच मळमळ आणि डोळ्यांपुढे अंधारी. "डॉक्टर, हृदयाचे काही नाही ना?" तपासले, कार्डिओग्राम काढला, सारे ठीक होते. त्रास दमट हवेचा होता. घामाने अंग थंड होते ते घाम वाळताना. नुसता निथळणारा घाम त्या कामाचा नाही. समुद्रकाठी तो लवकर वाळत नाही, उष्णता अंगातच साठते आणि नाडी धावू लागते. पहाटेचा वारा गार लागतो, म्हणून फसगत होते. अशा हवेची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि आपली सहल असते चार दिवसांची. तेव्हा अंतर निम्मे करावे, बरोबरच्याशी बोलता येईल इतकेच पळावे आणि वेळ मोजण्याचे घड्याळ खोलीवर ठेवावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असणाऱ्यांनी चालण्यावरच समाधान मानावे, हे बरे.

पळणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच गार करीत दवाखान्यात न्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर आदल्या रात्री सुरमईवर आडवा हात मारला होता म्हणून ते पित्तच, असे समजून सोडा पीत बसू नये.

आता वाळूविषयी. कोरड्या भुसभुशीत वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा सुमारे दीडपट शक्ती लागते आणि पोटऱ्या व टाचेमागची शीर ताणली जाते. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू चांगली. ती समुद्राकडे उतरती असते, म्हणून थोडे जाऊन त्याच वाटेने परतावे. दोन्ही पायांवर सारखा ताण येतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, तेव्हा कालच्या अंदाजावर जाऊ नये, गावातल्या कोळ्याला विचारावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. पळून तापलेल्या अंगाने समुद्रात शिरण्याचा मोह गणपतीपुळ्याला तर मुळीच धरू नये. तिथे माणसे बुडाली आहेत.

शेवटी पोटरी. चार तासांहून अधिक वेळ पाय दुमडून गाडीत बसल्यास पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता, एरवी अगदी थोडी असली तरी, सुमारे दुप्पट होते. दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर गोळा आला म्हणून तेल चोळू नये आणि पळायलाही जाऊ नये. ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, त्यासाठी गुहागरहून चिपळूणला जावे लागले तरी.