बंदुकीच्या नळ्यांचे सूर

विजयदुर्ग किल्ल्यातले जुने तोफगोळे पाहिले की लढाई आठवते, गाणे नव्हे. मध्य प्रदेशातील मैहर येथे मात्र उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी बंदुकांच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ हे वाद्य घडवले. १९१८ साली साथीत पोरक्या झालेल्या मुलांना शिकवून त्यांनी जो वाद्यवृंद उभारला, त्यातले हे वाद्य.

पण नळी कापायची किती? बासरीत लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक चढतो. मग ६० सेंटिमीटरची नळी षड्ज देत असेल, तर ३० सेंटिमीटरची तार षड्ज देईल का? छे! ती दोन सप्तके वर जाते. बासरीत आतली हवा कंप पावते. येथे नळी स्वतःच वाकून कंप पावते. वाकण्याच्या या लाटेची तरंगलांबी निम्मी झाली की तिचा वेग दुप्पट होतो, म्हणून कंपनसंख्या चौपट! तार षड्जासाठी नळी सुमारे ४२.४ सेंटिमीटर हवी, पंचमासाठी ४९.

विद्यार्थी मित्रहो, शाळेत करून पाहा. सारख्या जाडीचा बारीक लोखंडी पाइप घ्या. खाऱ्या हवेने गंजलेला नको. ६० सेंटिमीटरचा तुकडा दोन्ही टोकांपासून १३.४ सेंटिमीटरवर दोऱ्यांवर टेकवा. त्या दोन जागा जवळजवळ हलत नाहीत, त्यामुळे आधाराने सूर दबत नाही. मधोमध लाकडी हातोडीने ठोका. मग आधार टोकांशी सरकवून पुन्हा ठोका आणि फरक ऐका. कापताना तुकडा दोन मिलिमीटर लांबच ठेवा. कानशीने घासून सूर चढवता येतो, आखूड झालेली नळी मात्र लांब करता येत नाही.